खाडीचा एक तुकडा दोन-तीन महिने बंद ठेवायचा आहे. कोणी केलंय का?

खाडीकाठची

नमस्कार. मी आचऱ्याच्या खाडीकाठी एका वाडीत राहते. लग्न होऊन आले त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून सासूबाईंच्या मागून खाडीत उतरते. तिसऱ्या, मुळे, कधी कालवं, सगळे शिंपलेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी लांब मागे सरतं, तेव्हा चार-पाच दिवस सलग जायचं. अष्टमीचा भांग आला, म्हणजे पाणी फारसं सरेनासं झालं, की घरची कामं. वाडीतल्या चौदा-पंधरा बायकांची घरं यावर अर्धीमुर्धी चालतात. होडी एकीचीही नाही. कमरेएवढ्या पाण्यात पायाच्या बोटांनी चाचपायचं, हाताने काढायचं, बाजारात नेऊन वाटे लावायचे.

सासूबाई एका ओहोटीला दोन पाट्या भरून आणायच्या, त्यातली एकेक तिसरी अंगठ्याच्या पेराहून मोठी. गेल्या मे महिन्यात मी तीन तास वाकून अर्धी पाटी आणली आणि ती ओतून बघितली तर निम्म्या नखाएवढ्या. पूर्वी बारक्या परत चिखलात टाकायचा दंडक होता. मी नवीन असताना मूठभर बारक्या घरी आणल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "बारकी न्हेलंस तर फुडल्या वर्सा काय चिखोल शिजवतलंस?" आता तो दंडक कोणी पाळत नाही, कारण मी सोडलेली मागून येणारी उचलते. मीही उचलते, खोटं कशाला बोलू.

त्यात दोन वर्षांपासून बाहेरच्या एका व्यापाऱ्याची माणसं होड्या घेऊन येतात. लोखंडी दात्यांच्या खोऱ्यांनी तळ खरवडतात आणि गोणी भरून नेतात. अडवायला गेलं की म्हणतात, खाडी तुमच्या बापाची आहे काय. नाहीच आहे. म्हणून तर मला उत्तर सुचत नाही.

माझी भाची रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिने मादागास्करची गोष्ट सांगितली. तिथे नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका नावाचं गाव आहे. तिथले वेझो लोक म्हणजे आपल्या गाबितांसारखे, दर्यावरच जगणारे. बायका-पोरं ओहोटीला प्रवाळाच्या खडकांवर चालत जाऊन बिळातले ऑक्टोपस काठीने काढतात. ते बारीक मिळायला लागले म्हणून २००४ साली गावाने आपल्या खडकांतला एक तुकडा सात महिने बंद ठेवला. २००५ च्या जूनमध्ये उघडला तेव्हा मोठाले ऑक्टोपस मिळाले. ते बघून शेजारच्या गावांनी तेच केलं. पुढे पंचवीस गावं एकत्र आली. त्यांनी त्या पट्ट्याला वेलोंद्रियाके नाव दिलं, म्हणजे समुद्राबरोबर जगणं. नियम लिहिला तो त्यांच्या जुन्या रिवाजातल्या 'दिना' या पद्धतीने, गावाने गावासमोर कबूल केलेला कायदा आणि मोडला तर दंड.

हे ऐकल्यापासून मला रात्री नीट झोप नाही. आमच्याकडे देवाचा कौल झाला की गावपळणीला अख्खं गाव तीन दिवस-तीन रात्री घरंदारं, गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहतं. कोणी पोलीस लागत नाही. मग खाडीचा एक कोंड, एवढासा तुकडा, सोडायला आम्हाला का जमू नये?

पण मनात शंका आहेत. तिथे खडक, इथे चिखल. ऑक्टोपस झरझर वाढतो म्हणे, तिसरीचं काय? बंद काळात रोजच्या रोज पोट भरणाऱ्या बाईने काय करायचं? आणि आम्ही राखायचं आणि उघडल्या दिवशी होडीवाल्यांनी न्यायचं, असं झालं तर? कोणी असं काही केलं असेल, पाहिलं असेल, तर सविस्तर सांगा.

रापणकर, मालवण

बाय, तुजा लिवणा दोनदा वाचलंय. माजी साठ वर्सां दर्यार गेली. आमच्या रापणीचो कायदो खंय लिवलेलो नाय. जाळ्याचो वाटो, होडीचो वाटो, आनी दोरयेक हात लावलो त्याका वाटो. वाटसरू येवन दोन हात मारून गेलो तरी त्याका कालवणापुरते मासे गावतत. विधवा बाईक आमी रिकाम्या हातान धाडलव नाय. आता सगळ्यांका समजांदे म्हणान मराठीत लिवतंय.

रापण हे सगळ्यात जुनं सामायिक जाळं. किनाऱ्यावरून दोन टोकं धरून पन्नास-साठ माणसं ओढणार. कोणत्या रापणीने कुठे जाळं सोडायचं, आधी कोण, नंतर कोण, हे ठरलेलं. समुद्राला कुंपण नसूनही मारामारी नव्हती, कारण ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच शेजारी उद्या दोरी ओढायची असे.

हे मोडलं ते आतून मोडलं नाही. यांत्रिक पर्ससीन जाळी आली, माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणारी, आणि रापणीपर्यंत येणारा बांगडा-तारली बाहेरच उचलली जाऊ लागली. आम्ही मोर्चे काढले, समुद्रात आमनेसामने आलो. सरकारची डॉ. सोमवंशींची समिती बसली आणि तिच्या शिफारशींवरून २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. कागद झाला, पण पाळणूक करून घेणं हे रोजचं काम आहे आणि ते अजून संपलेलं नाही.

तुला एकच सांगतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सगळे पाळतात असं म्हणतात, कारण पावसात दर्या खवळलेलाच असतो. तुझी बंदी शांत पाण्यातली आहे. डोळ्यासमोर तिसऱ्या असणार आणि हात लावायचा नाही. म्हणून जागा अशी निवड की ती कुणाच्या तरी ओटीवरून दिसते. जी जागा दिसत नाही ती राखता येत नाही. आणि त्या व्यापाऱ्याच्या होड्यांवर वल्हवायला कोण जातं, ते आधी बघ. बहुतेक शेजारच्या वाडीतलीच पोरं असतील. त्यांना बैठकीला बोलाव, व्यापाऱ्याला नको.

मोंबासा-दाभोळ

ताई, आमचं मूळ गाव दाभोळ खाडीवर. आजोबा पोटासाठी मोंबासाला गेले, वडील तिथेच वाढले, मी तिथल्या बंदरात अठरा वर्षं नोकरी करून परत आलो. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांची ही कथा आहे, म्हणून तो किनारा मला परका वाटत नाही. माड, आंबा, खाडी, सगळं ओळखीचं.

मोंबासाच्या उत्तरेला किलिफीकडे जाताना कुरुवितू लागतं. तिथल्या वयस्क मच्छीमारांनी २००५ साली आपल्या खडकाळ पाण्याचा ३० हेक्टर भाग कायमचा बंद केला. स्वाहिलीत त्याला 'तेंगेफू' म्हणतात, बाजूला काढून ठेवलेलं. मी गेलो होतो तेव्हा एका म्हाताऱ्याने मला किनाऱ्यावरून हात करून हद्द दाखवली. म्हणाला, सुरुवातीला आपल्याच भावांनी शिव्या दिल्या, आमची जागा लाटता म्हणून. मग काही वर्षांनी हद्दीला लागून जाळं टाकणाऱ्यांना मासा जास्त लागायला लागला आणि शिव्या थांबल्या. मधली ती वर्षं कशी काढली, असं मी विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, घरात भांडून काढली. त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून मला वाटतं तुमच्यासाठी मादागास्करची वाट बरी, कुरुवितूची नको. कायमचं बंद करायला पाठीशी काहीतरी लागतं. कुरुवितूला पर्यटक येतात, तुमच्या चिखलात कोणी पोहायला येणार नाही.

केनियात २००७ च्या नियमांनी प्रत्येक मासळी उतरण्याच्या जागेला समिती दिली, बीच मॅनेजमेंट युनिट. होडीमालक, खलाशी, मासळी विकणारे, सगळे सभासद. कुठे ती समिती जोरात चालते, कुठे नुसता फळा लावलेला. फरक मला एकाच गोष्टीत दिसला. जिथे हिशेब झाडाखाली मोठ्याने वाचला जातो तिथे ती जिवंत आहे. मोंबासाच्या दक्षिणेला गाझी गाव आहे. तिथे मिकोको पामोजा नावाने ११७ हेक्टर कांदळवन गावकरी राखतात आणि २०१३ पासून त्याचे कार्बन क्रेडिट विकतात. रक्कम फार मोठी नाही. पण ती पाण्याच्या नळावर घालायची की शाळेच्या पुस्तकांवर, हे गावसभेत सगळ्यांदेखत ठरतं. पैसा आला की राखण मोडते, असं आपल्याकडे फार वेळा पाहिलंय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

अजून एक, विषयाबाहेरचं आहे पण राहवत नाही. त्या किनाऱ्यावर मिजिकेंडा लोकांची 'काया' वनं आहेत. म्हातारे राखतात, झाड तोडायचं नाही, आत वागण्याचे नियम. पहिल्यांदा एका कायात शिरलो तेव्हा मला आजोळच्या देवराईचाच वास आला. २००८ साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या देवराया मात्र सागवानी खांब आणि सिमेंटच्या सभामंडपासाठी एकेक झाड करून संपत चालल्यात.

निवृत्त तलाठी

थोडं कायद्याचं, कारण सगळे कौतुक करतील आणि हे राहून जाईल.

भरतीरेषेखालची खाडी सरकारी. सातबारावर ती तुमच्या किंवा वाडीच्या नावावर होणार नाही. ग्रामपंचायतीने ठराव केला तर तो गावाला नैतिकदृष्ट्या बांधील, बाहेरच्या होडीवाल्याला त्यावरून दंड करता येणार नाही. इथे मादागास्करमध्ये आणि आपल्यात मोठा फरक आहे. तिथे १९९६ साली कायदा झाला, त्याने नैसर्गिक साधनांची व्यवस्था करारावर गावसमाजाकडे सोपवता येते, आणि 'दिना' न्यायालयाकडून मंजूर करून घेता येतो. मग तो बाहेरच्यालाही लागू होतो.

आपल्याकडे पूर्ण हात बांधलेले मात्र नाहीत. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी. बहुतेक गावी ती कागदावर असते आणि सभासदांनाच माहीत नसतं. त्या समितीला आपल्या हद्दीत व्यापारासाठी जैविक संपत्ती गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेता येतं. गोणीवर शुल्क लावा. पावती फाडायला माणूस उभा राहिला की गोणी मोजल्या जातात, आणि मोजलेली गोष्ट अधिकाऱ्यासमोर मांडता येते. लोक जैवविविधता नोंदवहीत तिसऱ्यांची जागा, पूर्वीचा आकार, आताचा आकार, सगळं सासूबाईंच्या तोंडून लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसाची साक्ष आम्ही पीकपाहणीतही मानायचो.

नोकरीत जमिनीचे तंटे पाहिल्यामुळे एक वाचलेलं लक्षात राहिलं. इथिओपियात मेन्झ भागात ग्वासा नावाचं उंच डोंगरावरचं गवताळ रान आहे. घरं शाकारायचं गवत तिथलं. सतराव्या शतकापासून गावं ते राखत आली, निवडलेला 'आब्बा केरा' कित्येक वर्षं रान बंद ठेवायचा आणि गवत पुरतं वाढलं की सगळ्यांना एकदमच उघडायचा. १९७५ च्या जमीनसुधारणेत जुनी मालकी गेली, चांगल्या हेतूने गेली, पण तिच्याबरोबर आब्बा केराचा अधिकारही गेला आणि रानावर सगळे तुटून पडले. नंतर लोकांनी समिती करून ते परत सावरलं. आपल्याकडे खोती गेली ते उत्तमच झालं. पण गावकीने पाण्याच्या पाळ्या, चराईच्या वेळा, बंधाऱ्याचं श्रमदान ठरवायचं ते काम कोणाकडे दिलं? कोणाकडेच नाही. माझ्या सहीने कितीतरी कागद झाले, त्यात हा रकाना कुठेच नव्हता.

शिरगाव_एमएफएस्सी

मावशी, मीच ती भाची नाही, पण त्याच कॉलेजातली आहे :)

तुमच्या शंकांबद्दल. मादागास्करमध्ये पुढे सात महिने कोणी ठेवले नाहीत, दोन-तीन महिन्यांवर आले. आणि सगळं पाणी बंद नव्हतं, गावाच्या ऑक्टोपसच्या जागेपैकी साधारण पाचवा हिस्सा. आठ वर्षांतल्या ३६ बंदींचा हिशेब मांडला गेलाय. त्यात बंदीच्या काळात गावाची कमाई फारशी घटली नाही असं दिसलं, कारण बाकीची जागा चालू होती. म्हणजे तुमच्या पोटाच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तुकडा केवढा निवडता यातच आहे.

तिसरी ऑक्टोपससारखी वाढत नाही, हे खरं. ऑक्टोपस वाढीच्या काळात महिन्यात जवळपास दुप्पट होतो. म्हणून शिंपल्यांसाठी जवळचं उदाहरण बघा, केरळात कोल्लमजवळचं अष्टमुडी. आपल्या तिसऱ्यांच्याच जातकुळीतली शिंपली. तिथे उत्पादन घसरलं तेव्हा १९९३ पासून डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आली, प्रजननाचा काळ म्हणून. शिवाय जाळीचं भोक ३० मिलिमीटरहून लहान नको, बारक्या आपोआप गळून जातात. २०१४ साली त्या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं. तुमच्या सासूबाईंचा बारक्या टाकण्याचा दंडक आणि ही ३० मिलिमीटरची जाळी, गोष्ट एकच आहे. नुसती बंदी करून बारक्या उचलत राहिलात तर उपयोग नाही.

उघडण्याच्या दिवसाची भीती खरी आहे. आंदावादोआकाला पहिल्यांदा उघडलं तेव्हा शेजारच्या गावांतून माणसं लोटली आणि राखलेलं थोड्याच दिवसांत बरंचसं उचललं गेलं. म्हणून नंतर शेजारच्या गावांशी बोलून तारखा जुळवायला लागले.

खाडीकाठची

सगळ्यांचे आभार. अठरा दिवसांनी लिहितेय, मधे दोन बैठका झाल्या.

पहिली मांडावर, गाव जमतं त्या जागी, झाली आणि फिसकटली. मी मादागास्करपासून सुरुवात केली ते चुकलं. एक काकी आहेत, नवरा नाही, मुलगा मुंबईत आहे पण पाठवत काही नाही. त्या उठून म्हणाल्या, "दोन म्हयने मी काय खांव?" माझ्याकडे आकडे होते, उत्तर नव्हतं. सगळ्या उठून गेल्या.

दुसरी बैठक त्याच काकींच्या ओटीवर घेतली. रापणकर आजोबा, तुमचं ऐकलं. त्यांच्या ओटीवरून खाडीचा मधला कोंड पुरा दिसतो. मी विचारलं, कोणता भाग सोडला तर तुम्हाला सगळ्यात कमी त्रास होईल? त्यांनीच सांगितलं, मधला कोंड, जुन्या धक्क्यापासून कांदळीच्या टोकापर्यंत, तिथे सध्या बारक्याच आहेत. तो आमच्या जागेचा पाचवा भागही नसेल. राखण त्याच करणार, आणि त्याबद्दल प्रत्येकीने उधाणाच्या दिवसांत एक वाटा त्यांना द्यायचा. दोरीला हात लावला त्याला वाटा, तसा नजर ठेवली तिला वाटा.

मार्गशीर्ष लागला की बंद करायचं ठरलंय. त्या महिन्यात गुरुवारांमुळे गिऱ्हाईक तसंही कमी असतं. महाशिवरात्रीनंतर उघडायचं. एकीने विचारलं की नाताळात मालवणची हॉटेलं भाव देतात त्याचं काय. खूप वेळ बोलणं झालं, शेवटी ठरलं की बाकीची खाडी चालूच आहे, मधल्या कोंडाला हात नाही. उघडल्यावर पहिले तीन दिवस फक्त पायी उतरणारीने काढायचं, एका घराची एकच पाटी, होडी नाही. बारक्या परत. माझी भाची तीस मिलिमीटर भोकाची तारेची चाळण बनवून आणणार आहे.

शेजारच्या वाडीतली तीन पोरं आली होती, त्या व्यापाऱ्याकडे रोजावर जाणारी. एक माझ्या मुलाच्या वर्गातला निघाला. तो काही बोलला नाही, पण शेवटपर्यंत बसला. तलाठी काका, ग्रामपंचायतीत विचारलं. समिती आहे. सभासदांत माझ्या जावेचं नाव आहे आणि तिला ते माझ्याकडून कळलं. नोंदवहीसाठी सासूबाईंना बसवलंय. कुठल्या दगडाजवळ कोणत्या महिन्यात किती मोठी तिसरी, हे त्या सलग दोन तास सांगत होत्या, मी लिहून लिहून दमले. कौल पुढच्या सोमवारी लावणार आहोत.

परवा हद्दीला सुरूच्या सहा काठ्या रोवल्या, लाल चिंध्या बांधून. काल सकाळी दोन गायब होत्या. आज ओहोटीला काकी आणि मी परत रोवायला गेलो तर शेजारच्या वाडीतला तो मुलगा आधीच पाण्यात उभा होता, हातात दोन काठ्या घेऊन. वाहत त्यांच्या बाजूला गेल्या होत्या, म्हणाला. त्यानेच दगडाने ठोकून खोल बसवल्या.